वन्संची साक्ष

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन सोडून ही कागदावर का उतरली, असं तुमच्या मनात येईल. आमचे दोन्ही फोन पोलिसांनी तपासासाठी नेले. यांचा नेला ते ठीक, पण माझ्या फोनमध्ये गिऱ्हाइकांच्या चष्म्यांच्या नंबरांशिवाय काय सापडणार? परवा दुकानमालकांच्या फोनवरून तुम्हाला लावला होता, पण मालक कान टवकारून शेजारीच उभे. म्हणून ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं आणि ठेवून दिला. ठीक काही नाही.

तुमच्या भावाने तुम्हाला माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा जास्त सांगितलं असणार, हे मी धरूनच चालते. तरी सांगते. ज्या नऊ मजली इमारतीच्या लिफ्टची देखभाल यांच्याकडे होती, ती लिफ्ट सुटून खाली आदळली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचा खुबा मोडला. इमारतीचे व्यवस्थापक म्हणतात, मेकॅनिक वरच्या मशीनरूममध्ये गेलाच नाही, खाली गाडीत बसून फोनवर गप्पा मारल्या आणि देखभालीच्या कार्डावर सही ठोकून गेला. हे म्हणतात, मी वर गेलो, ब्रेक झिजलेला दिसला, लिफ्ट बंद करून पाटी लावली आणि व्यवस्थापकांना तिथेच तोंडावर सांगितलं. पाटी मग कुणी काढली ते सांगायला कुणी तयार नाही. यांच्या बाजूने बोलेल असा एकच माणूस आहे, तो त्या वेळी फोनच्या पडद्यावर होता. म्हणजे तुम्ही.

चाळीस मिनिटं, वन्सं! फोन कंपनीचा कागद कोर्टात लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. कामाच्या जागी उभं राहून चाळीस मिनिटं बहिणीशी बोलणं होतं, आणि घरी मी दोनदा ‘अहो’ म्हटलं तरी हूं नाही की चूं नाही. तुमचं ‘ठोंब्या’ फोनमधून आलं की मात्र लहान मुलासारखे खुदकन हसतात.

सध्या जामिनावर घरी आहेत, पण दोषी ठरले तर तुरुंग आहे आणि लायसन्स जन्माचं गेलं. आमच्या वकीलबाई म्हणतात, सगळी भिस्त तुमच्या साक्षीवर आहे. तुम्ही परदेशात, म्हणून तुमच्या तिकडच्या कोर्टातून व्हिडिओवर साक्ष घेणार आहेत, तसं पत्र गेलं आहे. मला बोलावणार नाहीत. नवऱ्याने बायकोला खासगीत सांगितलेलं तिच्याकडून वदवून घेता येत नाही, तसा कायदाच आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, कुलूप छान आहे हो, पण तिजोरी रिकामी आहे. मला कुणी काही सांगतच नाही.

तब्येत सांभाळा. माझ्यावर लोभ आहे असं तुम्ही दरवेळी म्हणता, तो असू द्या. उरलासुरला भावाला देऊ नका, त्यांना पुष्कळ मिळाला आहे.

आपली,
भावजय


२२ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि दंडाला एक बारीक चिमटा.

उत्तराला उशीर झाला, कारण कारखान्यात एका नाट्यगृहाच्या खुर्च्या आल्या आहेत. जुनं कापड सोलून काढायचं, फोम बदलायचा, नवं कापड ताणून ठोकायचं. बोटांची चाळण झाली आहे. तुझं पत्र वाचताना मात्र टाचण्या बोटांत नाही, दुसरीकडेच टोचत होत्या. अगं, मी त्याला ठोंब्या म्हणते कारण तो चार वर्षांचा होईपर्यंत बोललाच नाही, नुसता बसून असायचा. तुला हवं तर हे नाव तू घे, मी दुसरं शोधते.

मला इथल्या कोर्टाचं बोलावणं आलं आहे. मला वाटलं होतं, स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडायचा आणि बोलायचं. तसं नाही. कोर्टाच्या कचेरीतल्या बाईंनी मला समोर बसवून सगळं समजावलं. साक्ष इथल्या कोर्टातल्या खोलीत होणार. इथले न्यायाधीश माझ्या शेजारी बसणार, ते माझ्यावर कुणी जोरजबरदस्ती करत नाही ना हे पाहायला. त्यांना आपली भाषा कळत नाही, म्हणून एक दुभाषी असणार. माझा स्वतःचा वकील असणार, आणि मला वाटेल तेव्हा आवाज बंद करून मी त्याच्याशी एकांतात बोलू शकते. आवाज तुटायला लागला तर थांबा म्हणायचा हक्क मला आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. इथल्या कायद्यात बहिणीला भावाविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. सगळी साक्षच नाकारता येते, नाहीतर एखादा प्रश्न. तुमच्याकडच्या कायद्यात बहिणीला अशी सूट नाही. पण सुनावणी दोन देशांमधली असल्यामुळे, दोन्हीपैकी ज्या देशाचा कायदा मला आडोसा देईल तो मला घेता येतो. मी त्या बाईंना पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, त्या कंटाळल्या असतील.

आता नीट ऐक. मी काय बोलावं ते चुकूनही लिहू नकोस. शपथेवर विचारतील, कुणी काही सांगितलं का, आणि मी खरं ते सांगेन. फोनवर मी जे पाहिलं, ऐकलं, कामाचं तेवढं सगळं बोलेन. बाकीचं बोलणं त्याचं आहे.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला लागत नाहीत.

तुझी,
ठोंब्याची ताई


८ मार्च

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
नमस्कार. साष्टांग पुढच्या पत्री घालीन, आज अंगात राग आहे.

‘बाकीचं बोलणं त्याचं आहे.’ हे वाक्य मी दुकानात वाचलं, घरी वाचलं, भांडी घासताना ते पाठ झालं. त्याचं आणि तुमचं असं म्हणा ना सरळ! माझं काय आहे? यांच्या बढतीची बातमी मला तुमच्या अभिनंदनाच्या फोनवरून कळली होती. यांना गुडघ्याचा त्रास आहे हे मला तुम्ही पाठवलेल्या पट्ट्यावरून कळलं. जेवायला मी यांच्या डाव्या हाताला बसते, लग्न झाल्यापासून तीच जागा. गेलं वर्षभर माझं बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालं आहे. ताटात बघत जेवतात, मान हलवतात, कशाला हलवली ते त्यांनाही माहीत नसतं. फोन होता तोवर मग बाल्कनीत जायचे, फोनची वायर कानात घालायचे आणि तुमच्याशी तासभर. काचेतून मला नुसते ओठ दिसायचे.

मला जळकुटी म्हणा. आहेच मी जळकुटी. दिवसभर लोकांना ‘हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का’ विचारते आणि माझ्या घरातलं मला एक अक्षर दिसत नाही.

वकीलबाईंनी सांगितलं आहे की सरकारी वकिलांचा रोख कशावर आहे. यांचं मन कामावर नव्हतं, डोक्यात दुसरंच काहीतरी होतं, म्हणून ब्रेककडे दुर्लक्ष झालं, असं त्यांना दाखवायचं आहे. म्हणजे त्या चाळीस मिनिटांत काय काय बोललात ते विचारणारच. वकीलबाई म्हणतात, नणंदबाईंनी सूट वापरली तर तो त्यांचा हक्क आहे, त्यावरून कुणी काही अर्थ काढायचा नाही असं कायदा सांगतो. असं म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा काही निराळंच सांगत होता. त्या असंही म्हणाल्या की तुम्ही नणंदेला यातलं काही लिहू नका.

मी लिहिते आहे. काय बोला ते शिकवत नाही. एकच मागते, काही लपवू नका. जे विचारतील त्याचं उत्तर द्या, सगळ्याचं. माझ्याबद्दल काही वाईट बोलले असतील तरी चालेल. भर कोर्टात ऐकेन, गावाच्या देखत ऐकेन, पण एकदा ऐकेन. तुम्हाला दोन देशांचा आडोसा आहे, वन्सं. मला माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसूनसुद्धा कशाचा आधार नाही.

लोभ वगैरे आज राहू द्या.

आपली,
भावजय


२० मार्च

चि. सौ. भावजयीस आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. शेवटी खुर्चीच्या फोमवर दोन बुक्क्या मारल्या. शेजारची कारागीर विचारत होती, खुर्चीने काय केलं म्हणून.

तू मागते आहेस ते काय आहे हे तुला माहीत नाही, म्हणून मी तुला बोलत नाही. तुझ्याबद्दल वाईट एक शब्द नाही, एवढं मनाला सांग. तुझं पत्र मी फाडलेलं नाही, फाडणारही नाही. काही लपवू नका असं तूच लिहिलं आहेस.

आता सुनावणी होईपर्यंत मला काही लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. ज्याच्यासाठी दोघी भांडतो आहोत त्याला आधी यातून सोडवू.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई


१५ एप्रिल

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
नमस्कार घालते आहे, पण वाकून नाही.

काल मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या बाजूने काय दिसत होतं ते ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूचं सांगते. भिंतीवर मोठा पडदा, त्यात तुम्ही, तुमचे न्यायाधीश, दुभाषी आणि तुमचा वकील. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवली, आत दुसरं कुणी नाही म्हणून. तुमचे हक्क वाचून दाखवले. तुम्हाला समजलं का विचारलं, तुम्ही ‘हो, सगळं’ म्हणालात. स्पीकर घुमत होता, म्हणून यांना पिंजऱ्यात कानाला लावायला हेडफोन दिला होता. मी मागच्या बाकावर होते. तुम्हाला मी दिसत नव्हते, हे वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं.

तुम्ही छान बोललात, खोटं कशाला बोलू! व्यवस्थापक शपथेवर सांगून गेले होते की ते मशीनरूमच्या जिन्यावर पायसुद्धा ठेवत नाहीत. आणि तुम्ही म्हणालात, यांनी फोन हत्यारांच्या पेटीवर टेकवला होता, तेवढ्यात ते गृहस्थ वर आले, नाकाला रुमाल लावला आणि कोपऱ्यातल्या फाटक्या खुर्चीवर बसले. फोम बाहेर लोंबत होता आणि बैठक पिवळ्या दोरीने करकचून बांधली होती, अशी खुर्ची कुणी बांधतं का, असं तुमच्या मनात आलं. बसल्या बसल्या ते म्हणाले, सोमवारपर्यंत चालू दे. यांनी ऐकलं नाही, स्विच ओढला, पाटी घेऊन खाली गेले. पोलिसांच्या फोटोत ती खुर्ची होती, पिवळ्या दोरीसकट. न्यायाधीशांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मला रडू फुटलं.

मग सरकारी वकील उठले. ब्रेकचं बोलणं आटपल्यावर उरलेला वेळ आरोपी काय सांगत होता? तुम्ही वकिलाशी बोलायचं आहे म्हणालात आणि पडदा काळा झाला. आवाज नाही, चित्रही नाही. वन्सं, तिथेही माझ्या नशिबी काळा पडदा! परत आलात आणि म्हणालात, या प्रश्नाला मी सूट वापरते.

तेही सोसलं असतं. पण आमच्या न्यायाधीशांनी विचारलं, गप्प बसा असं तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? आणि तुम्ही म्हणालात, नाही, उलट सगळं सांगा असं त्याच्या बायकोने मला पत्र लिहिलं आहे, हवं तर दाखवते.

सगळ्या माना मागे वळल्या. शिपायाचीसुद्धा. हे मात्र वळले नाहीत.

असं करायची काय गरज होती? निकाल महिन्यानंतर आहे. वकीलबाई खुशीत आहेत, मी नाही. जे ऐकायला गेले ते सोडून बाकी सगळं ऐकून आले.

आपली म्हणवत नाही, पण नातं आहे,
भावजय


२७ एप्रिल

चि. सौ. भावजयीस,
खूप खूप आशीर्वाद. या वेळी चिमटा नाही.

मला तिथे फक्त न्यायाधीश आणि वकील दिसत होते. खोली लहान होती, टेबलावर पाण्याचा पेला, दुभाष्याला सर्दी झालेली. तू मागे बसली असशील हे मला माहीत होतं. बोलताना तोंड कोरडं पडलं ते काही सरकारी वकिलांमुळे नाही.

तुझं नाव मी का घेतलं? कारण शपथेवर विचारलं आणि ते खरं होतं. आणि माझा वकील नंतर म्हणाला, याहून चांगलं उत्तर नव्हतं. घरचे लोक साक्षीदाराला गप्प राहायला सांगतात, इथे घरचंच माणूस बोल म्हणून मागे लागलं होतं. मग ही बाई पढवलेली नाही, हे उघडच झालं. तुझ्या जळण्याचा त्याला उपयोग झाला. हे चांगलं आहे की वाईट, मला ठरवता येत नाही.

उरलेलं मी का सांगितलं नाही, हे मात्र मी सांगणार नाही. कोर्टाला सांगितलं नाही, मग तुला कसं सांगू? मी त्याला शब्द दिला आहे. आता तू त्याला विचार. मला विचारतेस तसं टोचून नको, साधं विचार. आणि विचारशील तेव्हा त्याच्या उजव्या हाताला बस.

याहून जास्त लिहिलं तर शब्द मोडेल.

तू रागाने का होईना, नातं आहे म्हणालीस. मला तेवढं पुरतं.

तुझी,
ताई


३० मे

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
साष्टांग नमस्कार, मागच्या पत्रांतले राहिलेले धरून.

निर्दोष सुटले. लिफ्ट बंद केली होती आणि ती कुणाच्या तरी सांगण्यावरून पुन्हा चालू केली, असं निकालात आहे. व्यवस्थापकांवर आता वेगळी चौकशी लागली. त्या शिक्षिकाबाईंना आम्ही दोघं भेटून आलो. काठी घेऊन चालतात, यांना म्हणाल्या, तुमच्या पाटीवर कुणाचा विश्वास बसला असता तर बरं झालं असतं.

निकालाच्या दिवशी जेवताना मी उठून उजवीकडे बसले. यांनी घास खाली ठेवला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि म्हणाले, ताईने सांगितलं का? मी म्हटलं, नाही, जागा तेवढी सांगितली. मग बोलले.

डावा कान गेला आहे. वर्षभरात हळूहळू गेला. त्या दिवशी मशीनरूममध्ये ब्रेक घासत होता आणि यांना तो ऐकूच आला नाही. सहज हात टेकवला, हाताला थरथर लागली, म्हणून कळलं. इतक्या वर्षांत प्रथमच बिघाड कानाला चुकला. त्यामुळे घाबरले, आणि तुमच्यापाशी रडले. उरलेला वेळ तो होता. हे जर तुम्ही पडद्यावर सांगितलं असतं, तर सरकारी वकिलांना आणखी काय हवं होतं! बहिरा मेकॅनिक, ऐकू न येणारा ब्रेक. पिवळ्या दोरीच्या खुर्चीला मग कुणी विचारलं असतं?

मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाले, ताईला सांगितलं की लांब जातं, तुला सांगितलं की घरात राहतं. रोज माझ्याकडे त्या नजरेने बघितलं असतंस, शिडीवर चढू दिलं नसतंस. खरं आहे, दिलं नसतं. आता तरी कुठे दिलं? मी म्हटलं, सुटलात ते ठीक, पण एका कानाने पुन्हा लोकांच्या लिफ्टवर जायचं नाही. दोन दिवस तोंड फुगवून होते. मग स्वतःच कंपनीत जाऊन सांगून आले. लायसन्स परत दिलं. आता वर्कशॉपमध्ये मोटारी दुरुस्त करतात, कमी बोलतात, पण मी उजवीकडून बोलले की उत्तर देतात.

मी जळणं सोडलं असं समजू नका. त्यांनी आधी तुम्हाला सांगितलं, हे मला आजही लागतं. पण तुम्ही माझं ऐकलं असतंत तर ते आज तुरुंगात असते, आणि यांचं दुःख मला गावाबरोबर बाकावर बसून ऐकायला मिळालं असतं. मी मागितलं होतं ते हेच. रात्री ते झोपले की मला दिसतं, मी कशाच्या मागे लागले होते.

आणि हे त्यांना माहीत आहे. तुम्ही पडद्यावरून माझ्या पत्राचं सांगितलंत तेव्हा त्यांच्या कानाला हेडफोन होता, शब्द न् शब्द गेला असणार. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याबद्दल ते मला एक अक्षर बोललेले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी रोज वाट बघते, आणि विचारायला घाबरते.

रविवारी फोन करत जा, त्यांना बरं वाटतं. मी बाल्कनीचं दार लावून घेईन. त्या पत्राबद्दल ते तुम्हाला काही बोलले असतील, तर मला सांगू नका.

लोभ मागायला तोंड नाही. तुमचं मन मोठं असेल तर न मागता ठेवा.

तुमचीच,
भावजय